भागिरथेचा पाय

भागिरथा आईच्या पोटातून पायाकडून बाहेर आली, आणि तेव्हापासून तिच्या तोंडाकडे कुणी फारसं बघितलं नाही. जो तो पायांकडेच बघायचा. जन्म धनजचा, लग्न होऊन आली रिठदला. लग्नात बापाकडून द्यायला दुसरं काही नव्हतं, पण पायाळू सून मिळाली म्हणून सासरची माणसं फुशारली होती.

पायाळू माणसाबद्दल काय काय सांगतात लोक. त्याला जमिनीखालचं पाणी दिसतं, पावसाळ्यात वीज त्यालाच हुडकत येते, आणि कुणाच्या पाठीत लचक भरली तर पायाळूनं सकाळी उपाशीपोटी तीन वेळा पाय लावला की लचक उतरते. पाणी काही भागिरथेला कधी दिसलं नाही. दुष्काळाच्या साली लोकांनी तिला शेताशेतांतून हिंडवलं, तिचा पाय अडखळला तिथं विहीर खणली, आणि खाली कोरडा मुरूम लागला. वीजही तिला विसरली असावी. लचकीला मात्र तिच्या पायाचा गुण होता. निदान लोक तसं म्हणत, आणि गावानं एकदा म्हणायचं ठरवलं की पाठीचं काय चालतं?

गंमत पुढंच आहे. ज्या गावात तिच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्या गावात तिचा पाय बिनदिक्कत चालायचा. रामराव पाटलांनी उभ्या जन्मात महारवाड्यातल्या कुणाला ओसरीवर चढू दिलं नाही, पण पाठ धरली की ते पहाटे खळ्यावर यायचे, धोतर सावरून मातीत पालथे पडायचे आणि "दे वो भागिरथा" म्हणून डोळे मिटायचे. लचकीला विटाळ नसतो, असं गावात हसून म्हणत.

भागिरथेचा नवरा भिवाजी हे सगळं लांबून बघायचा आणि मिशीत हसायचा. छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. परत आल्यावर घरातले देव पोत्यात भरून त्यानं नदीला सोडले, अंगारे-धुपारे उंबऱ्याबाहेर काढले, आणि बायकोला बजावून सांगितलं की पायात काही नसतं, पाठ आपली आपण बरी होते. भागिरथेला वाटलं, आता पाय द्यायचंही बंद. तर हा म्हणाला की बाकीच्यांचं बंद कर, पाटलाचं चालू ठेव. दीक्षा आपल्या जागी, पण रामराव पाटील मातीत पालथा पडलेला बघायला मिळतो, ते सुख का सोडावं? तेव्हा भागिरथाही पदराआड हसली होती. पुढं बाकीचेही येतच राहिले, कारण दुखणाऱ्या पाठीला नाही म्हणणं तिला जमलं नाही.

भिवाजीची स्वतःची पाठ दुखायला लागली ती दुष्काळानंतर. दुष्काळी कामावर अर्धं गाव खडी फोडत होतं, त्यामुळे पाठ कुणाची दुखत नव्हती? त्याचंही दुखणं खडीच्या नावावर जमा झालं. रात्री लघवीला सारखं उठावं लागे, ते म्हातारपणाच्या नावावर गेलं. लसणाचं तेल झालं, तापलेल्या विटेचा शेक झाला, वाशीमच्या डॉक्टरची सुई झाली. सुईनं बरं वाटायचं, सुई उतरली की कळ पुन्हा कमरेत येऊन बसायची. त्या हिवाळ्यात तर त्याला धड बसताही येईना, धड उभंही राहता येईना. गडी वाळत चालला. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, घरात पायाळू असून नवरा कण्हतो, ही काय तऱ्हा? साऱ्या गावाच्या पाठीला पाय लावता येतो, नवऱ्याच्या लावता येत नाही. देव नदीला सोडले तरी एवढं भागिरथेच्या मनातून सुटलं नव्हतं.

माघातली सकाळ होती. तुरीची सोंगणी चालली होती. भिवाजी भिंतीला धरून अंगणात आला, घोंगडी अंथरली आणि कसाबसा पालथा पडला.

"भागिरथे, दे पाय."

तिला खरंच वाटेना. हा माणूस थट्टा करतोय का म्हणून तिनं वाकून तोंड बघितलं. तोंडावर थट्टा नव्हती, घाम होता.

"तुमचा तं इस्वास नाई," ती म्हणाली.

"इस्वास नाई. दुखून राह्यलं."

तिनं पाप-पुण्य काढलं, नवऱ्याच्या अंगाला पाय कसा लावू म्हणाली. पाप-पुण्य पोत्यात घालून कधीच सोडलं, असं तो घोंगडीत तोंड घालून बोलला. एवढा ताठ माणूस, ज्यानं जन्मात कुणापुढं पाठ वाकवली नाही, तो तिच्या पायाशी पडून होता. तिनं मनातल्या मनात त्याची माफी मागितली आणि पाऊल हलकंच त्याच्या कमरेवर टेकवलं. दुसऱ्यांदाही तसंच. तो चिडला. कोंबडी चालली काय पाठीवर, म्हणाला. जोरानं दे, टाच दे. म्हणून तिसऱ्यांदा तिनं भिंतीला हात धरला आणि टाचेवर अंगाचा भार दिला.

टाचेखाली काहीतरी मोडलं. वाळली तुराटी मोडावी, एवढंच. कुणाला ऐकू जावं एवढंही नाही, पण तिच्या टाचेला ते कळलं. भिवाजीनं एक मोठा श्वास सोडला. जरा वेळानं उठलाही, चार पावलं चालला, आणि बरं वाटतं म्हणाला. दुपारून पायांना मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बाजेवरून पाय खाली सोडले आणि तो सरळ जमिनीवर बसला. पाय जागच्या जागी होते, पण आता ते त्याचे उरले नव्हते.

मुलगा शेषराव अकोल्याला सरकारी कचेरीत कारकून होता. निरोप गेला, तो आला, आणि बैलगाडीत कडब्यावर घालून, मग एसटीच्या मागच्या बाकड्यावर निजवून त्यांनी भिवाजीला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. भागिरथा सगळ्या वाटेत एक शब्द बोलली नाही. शेषरावाला वाटलं माय घाबरली आहे. घाबरली तर होतीच. पण तिच्या टाचेत ती तुराटी मोडल्याची जागा अजून जागी होती, आणि बसच्या प्रत्येक हादऱ्याला ती तिथंच मोडत होती.

दवाखान्यात तरणा डॉक्टर होता, चांगला माणूस. त्यानं विचारलं की पाय जायच्या आधी पडलात का, काही मार लागला का. भागिरथेनं पदराचा बोळा तोंडाशी नेला. सांगावं म्हणून तिचं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात खाटेवरून भिवाजी बोलला.

"पडलो ना साहेब. तुराट्यांचा भारा होता डोक्यावर. पाय घसरला."

त्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. इतकं सहज खोटं तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

फोटो काढले, रक्त तपासलं, लघवीला नळी घातली. मग डॉक्टरनं मायलेकांना खाटेपासून जरा बाजूला घेतलं आणि फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मणक्यांची रांग होती, आणि तिच्यावर चुना उडावा तसे पांढरे डाग. त्यानं सोपं करून सांगितलं. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी एक गाठ असते, म्हातारपणी ती वाढते, पण यांची कॅन्सरनं वाढली आहे. तिथून तो मणक्यात उतरला. हाडं वरून हाडं दिसतात, आतून भुंग्यानं खाल्लेलं लाकूड. अशा हाडाला निमित्त पुरतं. एखादा मणका दबला, आणि पायांकडे जाणाऱ्या शिरा चेपल्या. पहिल्याच दिवशी आणलं असतं तर गोष्ट वेगळी. आता पाय परत येणं कठीण.

शेषरावानं विचारलं की किती दिवस.

या प्रश्नाला डॉक्टर लोक आडवळणानं बोलतात, पण हा सरळ बोलला. एक ऑपरेशन आहे, म्हणाला. पुरुषाचे अंड काढायचे. त्यांच्या रसावर ही गाठ पोसते, रस तोडला की ती उपाशी पडते. दुखणं तर थोड्याच दिवसांत उतरतं. अशी माणसं एरवी दोन-दोन वर्षं काढतात, क्वचित जास्तही. यांचे पाय गेलेले, म्हणून एवढं सांगवत नाही. पण वर्ष धरायला हरकत नाही. ऑपरेशन नाही केलं तर पावसाळा बघतील की नाही, शंका आहे. खात्री कशाचीच नाही, हेही त्यानं सांगितलं. शेषराव मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होता. आईसमोर असलं बोलणं ऐकायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

भागिरथेला यातलं निम्मं कळलं नाही आणि निम्मं फार चांगलं कळलं. तिनं एकच विचारलं. "ते पडले नसते, तं?"

"पडले नसते तर अजून काही महिने चालले-फिरले असते कदाचित," डॉक्टर म्हणाला. त्या बिचाऱ्याला काय माहीत, तो कुणाला काय सांगतोय. खाटेवर भिवाजी डोळे मिटून पडला होता. झोपलेला नव्हता. भागिरथेनं त्याच्या पापण्या हललेल्या बघितल्या.

ऑपरेशनचं शेषरावानं बापाला सांगितलं तेव्हा भिवाजीनं सगळं ऐकून घेतलं. ओरडला नाही. जन्मभर माणूस म्हणून जगायला भांडलो, म्हणाला, मरताना बडवलेला बैल होऊ का? गोऱ्ह्यांचे अंड ठेचून त्यांना बडवताना त्यानं लहानपणापासून बघितलं होतं, पाय बांधून पाडायला हातही लावला होता. बडवल्यावर गोऱ्ह्याच्या डोळ्यांत जे विझतं तेही त्याला ठाऊक होतं. मला घरी न्या, म्हणाला. डॉक्टरनं आठवड्याभरात मन बदललं तर या म्हणून सांगितलं, दुखण्याच्या गोळ्या दिल्या, आणि पुन्हा तीच एसटी, तोच कडबा, तेच रिठद.

घरी आल्यावर भागिरथेनं ऑपरेशनचा जो हट्ट धरला तसा तिनं आयुष्यात कशाचाच धरला नव्हता. ती रडली. ती जेवली नाही. रविवारी शेषराव आला तर त्याच्या मागं लागली की तू बोल, तू शिकलेला आहेस. तो म्हणाला की त्यांच्या मनाविरुद्ध कसं बोलू, शरीर त्यांचं आहे. शिकून हेच शिकला का रे बाबा, असं ती तोंडावर म्हणाली आणि नंतर पस्तावली. तिनं विहारातल्या चार म्हाताऱ्यांना घरी आणलं. ते बाजेभोवती बसले, चहा प्याले, हवापाण्याचं बोलले आणि ती गोष्ट काढायची लाज वाटून निघून गेले. पुरुषांचं हे असं असतं. जीव गेला तरी चालेल, पण तोंडातून तो शब्द जायला नको.

भिवाजी तिला समजावायचा. हागणं-मुतणं तुझ्या हातानं, कूस बदलणं तुझ्या हातानं, असं वर्ष घेऊन काय करू? ती म्हणायची, मी करीन. तो म्हणायचा, तेच तर. कळ आली की तो बाजेचा कठडा दातांखाली घ्यायचा, आणि तिला आत जायला सांगायचा. ती आत जाऊन चुलीशी बसायची आणि कानात बोटं घालायची.

पण तिला वर्ष कशासाठी हवं होतं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार कसं? आज मेला तर तो तिच्या पायानं मेला. वर्षानं मेला तर रोगानं. तिच्या टाचेत आणि त्याच्या मरणात एक वर्ष तरी असावं, एक पेरणी असावी, एक कापूस वेचणी असावी, म्हणजे मागं वळून बघितलं तर मधलं काहीतरी दिसेल. पावसाळ्याच्या आत तो गेला तर मध्ये काहीच नव्हतं, नुसती अंगणातली घोंगडी होती. नवऱ्याचा जीव वाचावा म्हणून नव्हे, आपला गुन्हा लांब जावा म्हणून ती त्याला बडवून घ्यायला सांगत होती. हे तिचं तिलाच कळत होतं, आणि कळलं की ती पालथ्या मुठीनं आपल्या टाचेवर मारायची.

पाय द्यायचं तिनं बंद केलं होतं, हे सांगायला नको. दाराशी कुणी कण्हत आला की ती आतूनच नाही म्हणायची. लोकांना वाटलं, नवऱ्याच्या दुखण्यात बाईचं चित्त नाही. भिवाजीला काय वाटलं ते तो बोलला नाही. आत दाराशी टाकलेल्या बाजेवरून अंगण दिसायचं, आणि पडल्या पडल्या माणूस आल्या-गेल्याकडे बघतो, तसा तो बघत राहिला.

आठवडा सरत आला त्या सकाळी रामराव पाटील आले. कापसाच्या गाडीवरून उतरताना कमरेत लचक भरली होती. खळ्यापर्यंतही जायची ताकद नव्हती, म्हणून काठी टेकत थेट भागिरथेच्या अंगणात आले. पाटील घरापर्यंत येण्याची ही पहिलीच खेप. एरवी भिवाजीनं यावर महिनाभर काढला असता. त्यानं नुसतं "या पाटील" म्हटलं.

भागिरथा दारात उभी राहिली. मी ते सोडलं, म्हणाली. पाटील गयावया करू लागले. काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही, म्हणाले. उठता येत नाही, बसता येत नाही. भिवाजीचेही हेच शब्द होते. हा माणूसही त्याच्याच वयाचा होता, तसाच वाळला होता, मानेवरची कातडी तशीच लोंबत होती. याच्या हाडांत काय आहे, ते कुणी बघितलंय? वरून तर हाडंच दिसतात.

"नाई पाटील. अकोल्याले जा. फोटू काढा पाठीचा," ती म्हणाली.

"भागिरथे," बाजेवरून आवाज आला. "दे त्याईले पाय."

ती नवऱ्याकडे वळली. त्याच्या चेहऱ्यावर जुनं हसू नव्हतं.

"मी देनार नाई," ती म्हणाली.

"तू पाटलाले पाय दे. मी अकोल्याले जातो. करतो ते आपरेशन."

पाटलांना कसलं ऑपरेशन, कसलं काय, काही कळलं नाही. ते आपले काठी टाकून, कण्हत, घोंगडीवर पालथे पडले. तीच घोंगडी होती. भागिरथेनं ती धुवून दोरीवर टाकली होती, आणि पाटलांनीच ती ओढून घेतली होती.

ती भिंतीपाशी उभी राहिली. एका बाजूला नवऱ्याचं वर्ष, दुसऱ्या बाजूला पाटलांची पाठ. या पाठीनं तिच्या माणसांना काय काय भोगायला लावलं होतं ते तिला ठाऊक होतं. तरी तिनं मनाला विचारलं की हिच्यात भुंगा असला तर? पाटलीणबाई उद्या कुणाच्या तोंडाकडे बघतील? नवऱ्यासाठी दुसऱ्याचा नवरा मोडायचा, असा हा सौदा होता. सौदा नाकारला तर आपला नवरा पावसाळ्यापुरता. भिंतीला हात धरला तशी तिला ती सकाळ आठवली, तोच हात, तीच भिंत, आणि तिनं डोळे मिटून पाय उचलला.

उचलला, पण खाली जाईना. पाटलांच्या सदऱ्याच्या वर, बोटभर अंतरावर पाऊल थांबलं. ती दात खाऊन रेटू लागली. पाऊल जागचं हललं नाही. तिनं खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. तोंडावरून पाणी वाहत होतं, घाम की डोळे, कुणास ठाऊक. शेवटी ती बाजूला झाली आणि भिंतीशी मटकन बसली.

रामराव पाटलांनी डोळे उघडले. आधी कोपरावर आले, मग गुडघ्यावर, मग काठी न घेता उभे राहिले. कमरेला हात लावून एकदा इकडे वळून बघितलं, एकदा तिकडे.

"मोकळं झालं वो," ते म्हणाले. "काय पाय हाये बाप्पा तुहा." आणि काठी खांद्यावर टाकून चालू लागले.

पाटील दिसेनासे झाले. भागिरथेला वाटलं, पाय टेकला नाही हे भिवाजीला दिसलं नसेल. नसेल दिसलं तर बोलूच नये. वर्ष पदरात पडतंय तर घ्यावं. पण या माणसाशी तिनं जन्मभर खोटं कधी केलं नव्हतं, आणि एक खोटं त्या दोघांत आधीच पडून होतं.

"टेकला नाई माहा पाय," ती म्हणाली.

"पाह्यलं म्या."

"मंग तुमी जानार नाई."

"तो बरा होऊन गेला, तेही पाह्यलं ना," भिवाजी म्हणाला. बोलताना त्याला धाप लागत होती. "टेकला नाई, तरी बरा झाला. मी काय सांगत होतो इतके वर्स? पायात काई नसते. ना चांगलं, ना वाईट. तुह्या पायानं कोनाचं काई होत नाई भागिरथे. समजलं?"

म्हणजे त्यानं हे एवढ्यासाठी मांडलं होतं. बाजेवर पडल्या पडल्या त्यानं तिची टाचेवर मारलेली मूठ बघितली होती. जे त्याला मरेपर्यंत नको होतं ते ऑपरेशन त्यानं पणाला लावलं होतं, बायकोला एवढं एक दाखवायला. तिला त्याचं ऐकायचं होतं. फार फार ऐकायचं होतं. पण तिच्या टाचेला जे कळलं होतं ते कोण पुसणार?

"पायात काई नसन," ती सावकाश म्हणाली. "मंग वजन तं होतं. पाटलाले म्या टेकवला नाई. तुमाले टेकवला. साऱ्या अंगाचा भार देल्ला. मोडलं ते मले समजलं, माह्या टाचेले समजलं. तुमी पडले नोयते. तुमाले म्या मोडलं."

झालं. इतके दिवस घशात अडकलेलं बाहेर पडलं, आणि आता तिला वाटलं की हे घर आपल्या अंगावर येईल. भिवाजीनं मान वळवली.

"मलेही समजलं होतं," तो म्हणाला. "तवाच समजलं होतं. पन जोरानं दे कोन म्हने? टाच दे कोन म्हने? वजन तुह्यं होतं. मांगतलं म्या होतं."

ती गुडघ्यात डोकं घालून हमसाहमशी रडायला लागली. त्यानं तिला रडू दिलं. मग म्हणाला की शेषरावाला निरोप धाड, उद्या निघू. ती रडतच नको म्हणाली. तुम्हाला नको तर नको, मला नको तुमचं वर्ष, मी आपल्यासाठी मागत होते, तुमच्यासाठी नाही, असंही बोलून गेली. आता लपवायला उरलं काय होतं?

"ठावं हाये मले," भिवाजी म्हणाला. "तुह्यासाठीच घेऊन राह्यलो. डाक्टर म्हने वर्ष. भेटलं तं वर्ष, नाई तं जेवढं भेटन तेवढं. घे."

तो गाडीचं बोलू लागला. कडबा जास्त टाकायला सांग, म्हणाला, मागच्या खेपेला हादरे फार बसले. एसटीत खिडकीशी निजवा, आणि नळीची पिशवी झाकून घ्या, गावातल्या लोकांना फुकटचा तमाशा नको. आवाज अगदी नेहमीचा होता, पण हात गोधडीची कड पिळत होते. जे करायला तो निघाला होता त्याची भीती त्या हातांत होती.

भागिरथा उठली आणि बाजेच्या पायथ्याशी आली. त्याचे दोन्ही पाय गोधडीबाहेर आले होते, काळे, सुकलेले, भेगाळलेले. तिनं ते दोन्ही हातांनी घट्ट धरले, वाकून त्यांच्यावर कपाळ टेकवलं, आणि तशीच राहिली. भिवाजी आढ्याकडे बघत एसटीच्या वेळेचं बोलत होता. त्याला काहीच कळलं नव्हतं.

"काय करून राह्यली व तिकडं?" त्यानं विचारलं.

"काई नाई," ती म्हणाली. "पाय झाकून राह्यली."